शेजाऱ्याची घसरण

फुटबॉलच्या जगात ज्याला 'रेलिगेशन' म्हणतात, त्याला मराठीत अजून स्थिरावलेला शब्द नाही. क्रीडापानांवर कधी 'पदावनती' वाचायला मिळते, कधी 'खालच्या श्रेणीत घसरण', तर कधी सरळ देवनागरीत 'रेलिगेट'. 'पदावनती' हा शब्द सरकारी कचेरीतला. त्याला खातेनिहाय चौकशीचा वास येतो. 'घसरण' हा कापसाच्या आणि सोन्याच्या बाजारातला. मला हे दोन्ही शब्द अपुरे वाटतात ते एका कारणासाठी. मूळ व्यवस्थेत खाली जाण्याला जेवढे महत्त्व आहे तेवढेच पुन्हा वर येण्यालाही आहे, आणि आपल्या शब्दांत ती दुसरी बाजू उमटत नाही.

व्यवस्था तशी साधी आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २० संघ खेळतात. हंगाम संपला की तळाचे ३ संघ खालच्या श्रेणीत जातात आणि त्या श्रेणीतले ३ वर येतात. खाली जाणाऱ्या संघाचे उत्पन्न आटते, चांगले खेळाडू सोडून जातात, दूरचित्रवाणीवरचे दिसणे कमी होते. पण नियम त्याला बरखास्त करीत नाही. त्याचे मैदान, त्याचे रंग, त्याची गाणी जागच्या जागी राहतात, आणि वर येण्याची वाट खुली असते. या संकटात सापडलेल्या संघाचा शेजारी, म्हणजे त्याच शहरातला पिढीजात प्रतिस्पर्धी, त्या दिवसांत काय करतो? हसतो. मनसोक्त आणि निर्लज्जपणे हसतो. या हसण्याविषयी काही लिहावे असे गेले काही महिने मनात आहे.

फुटबॉलशी माझा संबंध आला तो वर्गामुळे. मी जळगावात मराठी शिकवते, माहेर धुळ्याचे. २०२५ च्या वसंतात आमच्या वर्गातली दोन मुले लंडनमधल्या दोन संघांवरून रोज भांडत असत. एक जळगावचा, आर्सेनलचा समर्थक. दुसरा धुळे जिल्ह्यातून आलेला, वसतिगृहात राहणारा, टॉटनहॅमचा. दोघांनीही लंडन पाहिलेले नव्हते, पाहण्याची शक्यताही फारशी नव्हती. टॉटनहॅम त्या हंगामात २२ सामने हरले आणि ३८ गुणांवर, १७ व्या क्रमांकावर थांबले. त्याखालचे तिन्ही संघ घसरले. जळगावच्या मुलाला हा मुहूर्त सोडवेना. त्याने वर्गाच्या गटावर चित्रे टाकली, घसरगुंडीवर बसलेला कोंबडा रंगवला (टॉटनहॅमच्या बोधचिन्हावर कोंबडा आहे), आणि टॉटनहॅमचा कोरियन कर्णधार सोन ह्युंग-मिन याच्या नावावर कोटी केली की खरे सोने फक्त जळगावच्या सराफ बाजारात मिळते, धुळ्याच्या लोकांनी सोन पाहून फसू नये.

या कोटीने माझे लक्ष वेधले. लंडनचे भांडण एका वाक्यात खानदेशात उतरले होते. मुलांना ते उतरवावे लागले नाही. जागा तयारच होती.

धुळे आणि जळगाव यांची ही थट्टा जुनी आहे. अखंड खानदेश जिल्ह्याचे ठाणे धुळे होते. १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशाचे ठाणे जळगाव झाले, पश्चिमेचे धुळ्यातच राहिले. पुढे मुख्य लोहमार्ग, केळी, सोने आणि १९९० साली स्थापन झालेले विद्यापीठ ही सगळी वजने जळगावच्या पारड्यात पडत गेली. माझे लग्न ठरले तेव्हा व्याह्यांच्या पहिल्याच बैठकीत जळगावकडून बाण सुटला : तुमच्या गावाला गल्ल्यांची नावेसुद्धा सापडली नाहीत, नुसते आकडे दिलेत. धुळ्यात खरोखरच गल्ली नंबर ४, गल्ली नंबर ५ अशी मोजणी आहे. दुसरा बाण असा की धुळ्याची रेल्वे निघते ती चाळीसगावला येऊन संपते, म्हणजे तुमची गाडीसुद्धा आमच्या जिल्ह्यात मुक्कामाला येते. आमचे अण्णा शांतपणे म्हणाले, की आकडे असले तरी गल्ल्या सरळ आहेत, आणि तुमच्या विद्यापीठाच्या कितीतरी आधी, १९२७ पासून, आमच्याकडे राजवाडे संशोधन मंडळ आहे. बैठक रंगली. सोयरीक पक्की झाली. अजूनही सासरी कोणी धुळ्याहून आले की दारातच कोणीतरी मुद्दाम अहिराणी काढून विचारते, "कथा चालना भाऊ?" आणि येणारा तितक्याच मुद्दाम शुद्ध पुस्तकी मराठीत उत्तर देतो.

या थट्टेत एक अलिखित अट आहे. उत्तर देणारा समोर हजर हवा, आणि त्याच्याजवळ उत्तर हवे. ही अट फुटबॉलमध्ये कशी पाळली जाते आणि कशी मोडते, हे पाहण्यासारखे आहे.

२७ एप्रिल १९७४ रोजी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर त्यांचा सामना शहरातल्याच मँचेस्टर सिटीशी होता. युनायटेड घसरणीच्या काठावर होते. सामना संपायला काही मिनिटे असताना सिटीच्या डेनिस लॉ याने पाठमोऱ्या अवस्थेत टाचेने चेंडू जाळ्यात ढकलला. हाच लॉ त्याआधी ११ वर्षे युनायटेडचा लाडका खेळाडू होता. गोल झाल्यावर त्याने हात उंचावला नाही. सहकारी मिठ्या मारायला आले, तो मान खाली घालून चालत राहिला. प्रेक्षक मैदानात घुसले, सामना तिथेच थांबला आणि १–० हा निकाल कायम राहिला. इतरत्र लागलेल्या निकालांमुळे युनायटेडची घसरण त्या गोलाविनाही अटळ होती, हे नंतर स्पष्ट झाले. तरी २०२५ च्या जानेवारीत लॉ वारला तेव्हाही लोकांना ती टाच आठवली. सिटीचे समर्थक ती आनंदाने सांगत आले. ज्याने ती मारली तो त्या आनंदात कधी सामील झाला नाही. दोन्ही काठांवर राहिलेला माणूस असा हसू शकत नाही. युनायटेड मात्र एका वर्षात, १९७५ साली, परत वर आले.

दुसरे उदाहरण ब्युनोस आयरिसचे. तिथे रिव्हर प्लेट आणि बोका ज्युनियर्स या दोन संघांनी शहर वाटून घेतले आहे. २६ जून २०११ रोजी रिव्हर प्लेट आपल्या शतकाहून मोठ्या इतिहासात पहिल्यांदा खालच्या श्रेणीत गेले. त्या श्रेणीला तिथे 'बी' म्हणतात. बोकाच्या समर्थकांनी या 'बी'चे भूत केले. पांढऱ्या चादरी पांघरून, त्यावर 'बी' अक्षर काढून लोक मैदानावर येऊ लागले. २०१२ सालीच रिव्हर परत वर आले, तरी भूत गेले नाही. मे २०१५ मध्ये बोकाच्या मैदानावरच्या सामन्यात तर भुताची चादर लटकवलेले एक छोटे ड्रोन रिव्हरच्या खेळाडूंच्या डोक्यावर फिरवले गेले. त्याच सामन्यात मध्यंतरानंतर मैदानात येणाऱ्या रिव्हरच्या खेळाडूंवर बोकाच्या प्रेक्षकांतून तिखटाचा फवारा मारला गेला, सामना रद्द झाला आणि बोकाला स्पर्धेतून बाद करण्यात आले. ती स्पर्धा, कोपा लिबर्तादोरेस, पुढे रिव्हरने जिंकली. २०१८ च्या डिसेंबरात याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत हे दोन संघ समोरासमोर आले आणि रिव्हर पुन्हा जिंकले. भुताला मिळालेले हे उत्तर होते. चादरीपर्यंत ती थट्टा होती. तिखटाच्या फवाऱ्याशी थट्टा संपली.

वाचकांपैकी काहींना वाटेल की हे सारे परकीय आहे. तसे नाही. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम या नावांनी फुटबॉलचे संघ उतरतात. कुस्तीच्या तालमींनी आणि पेठांनी फुटबॉल आपलासा केला, आणि पेठेपेठेतली जुनी चुरस त्याच्या अंगात शिरली. तिथल्या हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याच्या बातम्याही आपण वाचलेल्या आहेत. आणि त्याहून मागे जायचे तर फुटबॉलचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात, सुखेड आणि बोरी ही दोन गावे आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या दोन गावांच्या बायका मधल्या ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करीत, एकमेकींना शिव्यांची लाखोली वाहतात. याला 'बोरीचा बार' म्हणतात. ठरलेला दिवस, ठरलेली जागा, मध्ये ओढा. बार संपला की बायका आपापल्या घरी जातात आणि वर्षभर त्या शिव्यांचा हिशेब कोणी मागत नाही.

लोकसाहित्याच्या तासाला आपण शिमग्याची बोंब शिकवतो, कलगी-तुऱ्याचे झगडे शिकवतो. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले रात्र-रात्र एकमेकांना कूट सवाल टाकीत, हिणवीत. तिथेही सवालाची सारी शोभा समोरून जवाब येण्यात होती. प्रतिपक्षाचा फड उठून गेला तर उरलेला शाहीर जिंकला असे कोणी म्हणणार नाही. कार्यक्रम संपला असे म्हणतील. बोरीच्या बायकांना सुखेडचा काठ रिकामा दिसला तर त्या दिवशी बार होणार नाही. म्हणून घसरणाऱ्या शेजाऱ्याला हसण्यात मुळात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. तो पडतो तेव्हा हसायचे, तो उठतो तेव्हा ऐकून घ्यायचे, हा सौदा आहे. तो सौदा शिडीवर उभा आहे. शिडीच काढून घेतली तर?

आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये नेमके हे घडले. पुण्यातल्या एका उद्योगसमूहाने उभा केलेला भारत एफसी हा संघ २०१४–१५ च्या आय-लीगमध्ये शेवटचा आला. पण थेट प्रवेश मिळालेल्या नव्या संघाला घसरणीतून सूट होती. त्यामुळे त्याच्या वरच्या पायरीवर असलेला गोव्याचा धेंपो खाली गेला. राष्ट्रीय पातळीवरची पाच विजेतेपदे ज्याच्या नावावर, तो हा संघ. पुढच्याच वर्षी पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स शेवटचा आला. त्यालाही सूट होती, आणि त्याच्या वरचा मिझोरमचा ऐझॉल खाली गेला. ज्यांना सूट मिळाली ते दोन्ही संघ आज नाहीत. भारत एफसी २०१५ मध्येच बंद झाला, शिवाजियन्स २०१७ मध्ये. २०१२–१३ ला उपविजेता ठरलेला पुणे एफसीही २०१५ मध्ये विझला. २०१६–१७ च्या हंगामात कूपरेजवर वाढलेला मुंबई एफसी तळाला गेला, घसरला आणि परत आलाच नाही, संघच संपला. मुंबई आणि पुणे यांची थट्टा तर मराठी माणसाच्या हाडात आहे. पण मुंबई एफसी खाली गेला तेव्हा त्याला हसायला पुणे एफसी जिवंत नव्हता.

त्याच हंगामाची दुसरी बाजू अधिक विलक्षण आहे. महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ २०१६ साली गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंग या संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. परत वर येण्याचा हक्क मिळवलेल्या धेंपोनेही तेच केले. जागा रिकाम्या झाल्या म्हणून घसरलेल्या ऐझॉलला पुन्हा घेण्यात आले. त्याने प्रशिक्षक नेमला खालिद जमील, म्हणजे मुंबई एफसीने अनेक वर्षांनंतर नुकताच सोडलेला माणूस. ३० एप्रिल २०१७ रोजी ऐझॉल भारताचा विजेता झाला. एका वर्षापूर्वी ज्याला खाली ढकलले होते तो शिखरावर, आणि ज्याने त्याचा प्रशिक्षक सोडला तो तळाला. घसरणाऱ्याला का संपलेला समजू नये, याचे याहून चांगले उदाहरण कादंबरीकारालाही सुचले नसते. सुचले असते तर आपण समीक्षकांनी ते अतिनाट्य म्हणून झोडपले असते. पण ही परत येण्याची वाट नियमाने दिलेली नव्हती. ती अपघाताने उघडली होती. २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगमध्ये पहिल्या दहा हंगामांत एकही संघ खाली गेला नाही. धेंपो २०२४–२५ च्या हंगामात आय-लीगमध्ये परतला खरा, पण तोवर आय-लीग स्वतःच दुसऱ्या पायरीवर उतरलेली होती.

हे सारे मी साहित्याच्या शिक्षकांपुढे आणि विद्यार्थ्यांपुढे मांडते आहे, कारण अशी एक घसरण आपल्या अंगणात चालू आहे. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात पदवीच्या तिसऱ्या वर्षाचा मराठी विशेषचा वर्ग पटसंख्येअभावी बंद झाला. ते नाव इथे महत्त्वाचे नाही. आमच्या विभागाची आणि त्यांची जुनी स्पर्धा. आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वात, काव्यवाचनात, प्रश्नमंजूषेत दोन्हीकडची मुले समोरासमोर येत. बातमी आली त्या दिवशी आमच्या प्राध्यापक कक्षात जे हसू उसळले ते मला ओळखीचे होते. कोणी म्हणाले, आता काव्यवाचनाला कोणाला हरवायचे? कोणी म्हणाले, त्यांनी आता हिशेबतपासणी शिकवावी. एकाने मूल्यांकनाची श्रेणी काढली, दुसऱ्याने तिची आमच्या श्रेणीशी तुलना केली. व्याह्यांच्या बैठकीतला सूर तोच होता. फरक एवढाच, की समोर कोणी बसलेले नव्हते.

फुटबॉलच्या कोष्टकात ३८ गुणांवर अडकलेल्या संघाला पुढचा ऑगस्ट असतो. बंद झालेल्या वर्गाला तो नसतो. तिथला एक अध्यापक निवृत्त झाला आहे, त्याची जागा भरली जाणार नाही. दुसऱ्याकडे आता सर्व शाखांसाठीचा सक्तीचा पेपर आहे. साक्री-शिरपूरकडची जी मुलगी रोज एसटीने येऊन-जाऊन भाषाविज्ञान शिकू शकली असती, तिला जळगावच्या वसतिगृहाचा खर्च परवडेलच असे नाही. न परवडला तर ती मराठी सोडील, बहुधा शिक्षणही. अशा घसरणीवर केलेल्या विनोदाला उत्तर कुठून येणार? आणि ज्याला उत्तर येऊ शकत नाही तो विनोद आणि निव्वळ निर्दयता यांत फरक कसा करायचा? उपहासाची मीमांसा करताना आपण उपहास करणाऱ्याचा हेतू तपासतो, शैली तपासतो. ज्याचा उपहास होतो त्याला परतीचा रस्ता आहे की नाही, हेही तपासावे असे मला वाटते.

याला एक स्वार्थाची बाजूही आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. आमच्या वर्गाची पटसंख्याही दर जूनमध्ये मोजली जाते. शेजारच्याला हसताना आपण त्याच कोष्टकात त्याच्या एकच पायरी वर उभे आहोत, हे ब्युनोस आयरिसच्या चादर पांघरणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही. भूत नाचवणारा थोडा स्वतःच्या भीतीलाही नाचवीत असतो.

वर्गातल्या त्या दोन मुलांचे काय झाले, तेही सांगायला हवे. २१ मे २०२५ च्या रात्री बिल्बाओत टॉटनहॅमने मँचेस्टर युनायटेडला १–० ने हरवून युरोपा लीगचा चषक जिंकला. लीगमध्ये १७ वा संघ, आणि हाती युरोपातला चषक. २००८ नंतरचा त्यांचा पहिलाच. धुळ्याच्या मुलाने मध्यरात्रीनंतर गटावर एकच ओळ टाकली, की सराफ बाजार उघडला असेल तर आमचे सोन तोलून घ्या. जळगावच्याने हात जोडल्याचे चित्र पाठवले. मला त्या पोराचे कौतुक वाटले ते जिंकल्याचे नव्हे. गेले चार महिने त्याने हसू सहन केले आणि उत्तराची जागा राखून ठेवली, याचे.

आमच्या विभागाच्या कपाटात काव्यवाचनाचा फिरता करंडक आहे. शेजारच्या महाविद्यालयाचा संघ दोन वर्षे आलेला नाही, त्यामुळे तो फिरलेला नाही. मागच्या बैठकीत मी सुचवले की स्पर्धेची अट बदलावी : मराठी विशेष शिकणाऱ्यांपुरती ती न ठेवता कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला प्रवेश द्यावा, म्हणजे त्या महाविद्यालयातून वाणिज्याची का होईना, दोन मुले येतील. एका सहकाऱ्यांनी विचारले की ती मुले जिंकून करंडक घेऊन गेली तर? मी म्हटले, तर आपल्याला पुढच्या वर्षी तिकडे जावे लागेल. ठराव मंजूर झाला. पत्र पाठवले आहे.